धम्म एक, चालीरीती अनेक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात थायलंडचे तीन भिक्खू आले होते. अजिंठा-वेरूळ पाहून ते बुद्धगयेकडे निघाले होते. वाटेत एक दिवस त्यांनी आपल्याकडे थांबावे, अशी मंडळाने विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. महिला मंडळाने पहाटे चारपासून स्वयंपाक केला. वंदना झाली, भोजनदानाची वेळ झाली. मंडळातील सर्वांत वडील आजींनी भरलेले ताट दोन्ही हातांनी भंतेजींपुढे धरले. भंतेजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी एक पिवळे वस्त्र काढून समोर पसरले आणि ताट त्यावर ठेवा, अशी खूण केली. आजींनी ताट ठेवले, नमस्कार केला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "यांना बी आमच्या हातचं चालत न्हाई का?"

आजींची समजूत कोणालाच काढता आली नाही, कारण उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या समाजाच्या ओंजळीत पिढ्यान् पिढ्या वरून पाणी ओतले गेले, त्या समाजातील वृद्ध स्त्रीला ते पसरलेले वस्त्र पाहून काय वाटले असेल, हे सांगावयास नको. दुसरीकडे ते भिक्खूही मैत्रीभावनेनेच आले होते. दोन्ही बाजूंचे मन स्वच्छ, दोघांचे त्रिशरण एक, पंचशील एक. तरीही मध्ये एक भिंत उभी राहिली. ही भिंत धम्माची नव्हती. ती दोन देशांच्या चालीरीतींची होती आणि त्याहीपेक्षा आपल्या अज्ञानाची होती. जगातील बौद्ध समाज हा गावोगावच्या, देशोदेशीच्या लहानमोठ्या संघांचा मिळून झालेला आहे. त्यांच्या रीती वेगळ्या का झाल्या, त्यांतील कोणता फरक सहज स्वीकारावा आणि कोणत्या फरकावर प्रश्न विचारावा, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

त्या वस्त्राचा अर्थ

प्रथम आजींच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. पाली विनयपिटकाप्रमाणे भिक्खूने कामभावनेने स्त्रीला स्पर्श करणे हा 'संघादिसेस' नावाचा गंभीर दोष आहे. भिक्खुणींना पुरुषस्पर्शाबाबत याहूनही कडक नियम आहे. हा नियम मोडण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून थायलंडमध्ये एक प्रथा पडली. स्त्रीच्या हातून कोणतीही वस्तू थेट न घेता ती वस्त्रावर ठेवून घ्यावयाची. दान देणारी स्त्री राजघराण्यातील असो वा बाजारात भाजी विकणारी असो, वस्त्र पसरले जातेच. श्रीलंकेतील भिक्खू मात्र उपासिकांच्या हातून सरळ दान स्वीकारतात. दोन्ही देशांचा विनय एकच, म्हणजे पाली विनयपिटक. यावरून उघड होते की स्पर्शाचा नियम विनयातील आहे, पण वस्त्र पसरण्याची रीत त्या देशाची आहे.

अस्पृश्यतेत एक माणूस दुसऱ्याच्या जन्मावर डाग ठेवतो आणि बंधन त्या दुसऱ्यावर लादतो. येथे ज्याने व्रत घेतले त्याने स्वतःवरच बंधन घातले आहे. दान देणाऱ्या स्त्रीत काही उणे आहे, असा त्याचा अर्थ नाही. बाहेरून दोन्ही कृती सारख्या दिसल्या तरी त्यांचे मूळ वेगळे आहे. हे त्या दिवशी भोजनापूर्वी दोन मिनिटांत सांगता आले असते. ते सांगितले गेले नाही, ही चूक आमची, म्हणजे कार्यकर्त्यांची होती.

तथागतांनीच दिलेली सवलत

देश बदलला की रीत बदलावी की नाही, हा प्रश्न नवा नाही. तो प्रत्यक्ष भगवान बुद्धांपुढे आला होता आणि तो आपल्या बाजूच्या मुलखातूनच गेला होता. विनयपिटकातील महावग्गात ही कथा आहे.

अवंती देशात कुररघर येथे महाकच्चान स्थविर राहत होते. त्यांच्याजवळ सोण कुटिकण्ण नावाच्या उपासकाने प्रव्रज्या मागितली. उपसंपदेसाठी त्या काळी दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे होते की दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनासाठी श्रावस्तीस निघाले, तेव्हा महाकच्चानांनी त्यांच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या. येथे भिक्खू थोडे आहेत, तेव्हा कमी संख्येच्या संघाला उपसंपदा देता यावी. येथील जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे, तेव्हा अनेक पदरी पादत्राणे वापरता यावीत. येथील लोक स्नानाला महत्त्व देतात, तेव्हा वारंवार स्नान करता यावे. येथे मेंढी, शेळी व हरीण यांची कातडी अंथरण्यास वापरतात, तेव्हा ती चालावीत. पाचवी विनंती दूर असलेल्या भिक्खूसाठी दिलेल्या चिवराच्या मुदतीसंबंधी होती.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून जो अनवाणी चालला आहे, त्याला दुसऱ्या विनंतीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. भगवंतांनी या विनंत्या मान्य केल्या. एका अवंतीलाच नव्हे, तर सर्व सीमावर्ती प्रदेशांना त्यांनी सवलत दिली. दहाऐवजी विनय जाणणाऱ्या एकासह पाच भिक्खूंनी उपसंपदा द्यावी, असे ठरले.

यात एक मोठा धडा आहे. माती, पाणी, हवा, माणसांची संख्या आणि लोकांच्या सवयी पाहून रीत बदलली. शील मात्र बदलले नाही. या धड्याची दुसरी बाजू चुल्लवग्गात दिसते. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या काही भिक्खूंनी दहा नव्या सवलती घेतल्या. त्यांतील एक सोने-चांदी स्वीकारण्याची होती. यश स्थविरांनी तिला विरोध केला. त्यांच्या साहाय्यास जे भिक्खू जमले त्यांत अवंती-दक्षिणापथातील अठ्ठ्याऐंशी भिक्खू होते, असे तेथे नमूद आहे. ज्या मुलखाने वहाणांची आणि स्नानाची सवलत मागितली, तोच मुलूख सोन्या-चांदीच्या सवलतीविरुद्ध उभा राहिला. कोणती गोष्ट मातीची आणि कोणती शीलाची, हे त्यांना नेमके कळत होते.

कोठे काय वेगळे आहे

आज जगात बौद्ध संघांत जे फरक दिसतात त्यांतील बहुतेक पहिल्या प्रकारचे, म्हणजे मातीचे आहेत. त्यांची ओळख असावी म्हणून काही उदाहरणे देत आहे.

सण आणि वर्ष : आपण, तसेच श्रीलंका, म्यानमार व थायलंड येथील बौद्ध बांधव वैशाख पौर्णिमेला जन्म, संबोधी व महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे स्मरण करतो. जपानमध्ये जन्मदिन ८ एप्रिलला, संबोधीदिन ८ डिसेंबरला आणि महापरिनिर्वाणदिन १५ फेब्रुवारीला पाळतात. चीन व कोरियात चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी जन्मोत्सव असतो. बुद्धवर्षाच्या मोजणीतही फरक आहे. अडीच हजारावी बुद्धजयंती भारत, श्रीलंका व ब्रह्मदेशात १९५६ साली झाली, तर थायलंडमध्ये १९५७ साली. कारण थायलंडच्या गणनेत महापरिनिर्वाणानंतर एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिले वर्ष धरतात. कोणाचेही गणित चुकलेले नाही. मोजण्याची पद्धत निराळी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १९९९ साली वैशाख पौर्णिमेला आंतरराष्ट्रीय मान्यता देणारा ठराव केला, तेव्हापासून निरनिराळ्या परंपरांचे लोक या निमित्ताने एकत्र येऊ लागले आहेत.

वर्षावास : आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो, कारण तो पावसाशी जोडलेला आहे. चीनमध्ये तो उन्हाळ्यात, चौथ्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेपासून सुरू होतो. कोरियात उन्हाळ्याबरोबर कडाक्याच्या थंडीतही तीन महिन्यांचा वास पाळतात. तेथे बर्फामुळे फिरणे अशक्य होते, हे त्याचे सरळ कारण आहे.

आहार : थेरवादी भिक्खू दुपारी बारानंतर भोजन करीत नाहीत. भिक्षेत जे मिळेल ते ते घेतात. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली नसेल तर मांसही त्यांना वर्ज्य नाही. चीन, तैवान, कोरिया व व्हिएतनाम येथील विहारांत शुद्ध शाकाहार असतो. तिबेटच्या उंच, थंड पठारावर भाजीपाला दुर्मीळ, म्हणून तेथे मांसाहार रूढ झाला. श्रीलंकेचे भंतेजी मासे खातात, म्हणून तैवानच्या उपासिकेने नाक मुरडू नये. आणि तैवानच्या भिक्खुणी रात्री थोडे खातात, म्हणून आपणही भुवया उंचावू नयेत.

चीवर आणि दीक्षा : म्यानमारमध्ये चीवर गडद तांबडे, थायलंडमध्ये भगवे किंवा तपकिरी, कोरियात राखाडी, जपानमध्ये बहुधा काळे. थायलंडमध्ये तरुण काही आठवड्यांसाठी किंवा एका वर्षावासापुरता भिक्खू होतो आणि परत संसारात येतो. त्याला कोणी नावे ठेवीत नाही. जपानमध्ये १८७२ साली सरकारने भिक्षूंच्या विवाहावरील बंदी उठविली, तेव्हापासून तेथील बहुसंख्य धर्मगुरू विवाहित असतात.

उच्चार : थायलंडच्या विहारात सकाळी पाली पठण ऐकू आले तर आपला विद्यार्थी गोंधळून जाईल. तेथे 'बुद्ध' हा शब्द 'फुत्थ' असा ऐकू येतो. म्यानमारमध्ये 'सरणं' चे 'थरणं' आणि 'गच्छामि' चे 'गिस्सामि' होते. आपण मराठी वळणाने म्हणतो तेच शुद्ध, असे मात्र समजू नये. पाली भाषेला स्वतःची लिपी नाही. ज्या देशात ती गेली तेथील लिपीत ती लिहिली गेली आणि तेथील जिभेवर ती रुळली.

प्रथेच्या नावाखाली

आता दुसरा, अधिक कठीण प्रकार. काही फरक असे आहेत की ज्यांना 'आमची संस्कृती' म्हणून संरक्षण दिले जाते, पण ते धम्माच्या गाभ्यालाच धक्का देतात. येथे संकोच न करता बोलले पाहिजे.

श्रीलंकेत भिक्खूसंघाची उपसंपदा खंडित झाली होती. १७५३ साली सयाम, म्हणजे आजच्या थायलंडमधून आलेल्या उपाली स्थविरांनी ती पुन्हा सुरू केली. त्यामुळे त्या संघाला सयाम निकाय म्हणतात. परंतु थोड्याच वर्षांत या निकायाची उपसंपदा गोविगम या एका वरिष्ठ मानलेल्या जातीपुरती मर्यादित करण्यात आली. बुद्धाच्या संघात जात शिरली. हे सहन न होऊन दुसऱ्या जातींतील श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूर येथे गेले, तेथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परतले. त्यांचा तो अमरपूर निकाय. नेपाळच्या नेवार समाजातही वज्राचार्य आणि शाक्य या घराण्यांतच विहारातील पौरोहित्य वंशपरंपरेने चालत आले. गोविगम असणे ही काही काळ्या मातीसारखी गोष्ट नव्हे. अनेक पदरी वहाणेच्या सवलतीत जातिभेद बसत नाही.

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्नही असाच आहे. थायलंडमध्ये भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये, असा १९२८ सालचा संघराजांचा आदेश आहे. थेरवादी देशांत भिक्खुणीसंघाची परंपरा तुटली, आता ती पुन्हा जोडता येत नाही, असे सांगितले जाई. पण इतिहास पाहा. पाचव्या शतकात, इ. स. ४३३ च्या सुमारास, सिंहलद्वीपाच्या भिक्खुणी जहाजाने चीनला गेल्या आणि त्यांनी तेथील स्त्रियांना विधिवत उपसंपदा दिली. पुढे अकराव्या शतकानंतर सिंहलद्वीपातील भिक्खुणीसंघ नाहीसा झाला. चीन व कोरियाकडे मात्र तो टिकला. मग १९९६ साली सारनाथला कोरियाच्या भिक्खुणींच्या साहाय्याने आणि १९९८ साली बुद्धगयेला तैवानच्या संघाच्या पुढाकाराने श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली. जो दिवा एका घराने दुसऱ्या घराला दिला होता, तोच पंधराशे वर्षांनी परत आला, आणि तोही आपल्या भारतभूमीत! या उपसंपदेला आजही सर्व देशांची मान्यता नाही. तथापि एक गोष्ट सिद्ध झाली आहे. स्थानिक संघ एकमेकांपासून वेगळे असतात म्हणूनच ते एकमेकांच्या उपयोगी पडतात. एका ठिकाणी जे विझते ते दुसऱ्या ठिकाणी जपलेले असते. सर्वांची रीत एकच असती, तर ते सर्वत्र एकदमच विझले असते.

आपले वेगळेपण

इतरांच्या रीतींकडे पाहताना आपल्याही रीती आहेत, हे आपण विसरतो. परदेशी पाहुणा आपल्या विहारात येतो, तेव्हा त्यालाही प्रश्न पडतात. बुद्धमूर्तीशेजारी कोट आणि टाय घातलेले हे गृहस्थ कोण? लोक भेटल्यावर 'जय भीम' का म्हणतात? बावीस प्रतिज्ञा आमच्या ग्रंथांत नाहीत, त्या कोठून आल्या? विहारात संविधानावर व्याख्यान कसे?

या प्रश्नांनी रागावू नये. उत्तर द्यावे, आणि ते इतिहासासह द्यावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले. चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. म्हणजे आपली दीक्षा मुळातच आंतरराष्ट्रीय आहे. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या या मातीसाठी. येथे जातीचे जे विष होते, त्यावरचा तो उतारा होता. ज्या देशात ते विष नव्हते तेथे त्या प्रतिज्ञांची गरज पडली नाही. काळ्या मातीला जशी जाड वहाण, तशा या भूमीला बावीस प्रतिज्ञा.

बाबासाहेबांनी निर्णय घेण्यापूर्वी बौद्ध देश डोळसपणे पाहिले होते. मे १९५० मध्ये श्रीलंकेत कँडी येथे २७ देशांच्या प्रतिनिधींनी 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स' ही जागतिक संघटना स्थापन केली. डॉ. मललसेकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या परिषदेला बाबासाहेब गेले होते. बौद्ध देशांतील विधी-समारंभ प्रत्यक्ष पाहावेत आणि धम्म तेथे कितपत जिवंत आहे हे तपासावे, हा त्यांचा हेतू होता. १९५४ साली रंगून आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील परिषदांनाही ते उपस्थित राहिले. त्यांनी कोणत्याही एका देशाचा साचा जसाच्या तसा उचलला नाही. उलट, भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस आहे की समाजाचा सेवक आहे, असा प्रश्न त्यांनी सर्वच देशांच्या संघांपुढे ठेवला. जागतिक बंधुत्वात सामील व्हावयाचे, पण डोळे मिटून नव्हे, ही त्यांची शिकवण आहे.

नंतरच्या काळातील एक उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६७ साली संघरक्षित या इंग्रज भिक्खूंनी लंडनमध्ये एक संघ सुरू केला. त्याच्या नावात 'वेस्टर्न', म्हणजे पाश्चात्त्य हा शब्द होता. १९७९ पासून पुण्यातून त्याचे भारतातील कार्य 'त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण' या नावाने वाढले. इंग्लंडमध्ये माणूस बहुधा एकटा येतो, ध्यान शिकण्यासाठी. आपल्याकडे घरेच्या घरे येतात. आजी, सून, नातू सारे. त्यांना ध्यानाबरोबर मुलांचे शिक्षण आणि सन्मानही हवा असतो. एका संघाच्या या दोन रीती. पुढे भारतीय सदस्य इतके वाढले की 'पाश्चात्त्य' हे नाव शोभेना, आणि २०१० साली जगभर 'त्रिरत्न' हे एकच नाव घेण्यात आले. हंगेरीतील शायोकाझा या गावात तर रोमा समाजाच्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांपासून प्रेरणा घेऊन २००७ साली त्यांच्या नावाची शाळा काढली. तेथील मुलेही 'जय भीम' म्हणतात. आपली रीत आता दुसऱ्याच्या मातीत रुजते आहे.

आपण काय करावे

सूचना साध्या आहेत. परदेशी संघ येणार असेल तर आधी विचारून घ्यावे : भोजन किती वाजता, शाकाहार की मांसाहार, दान हातात घेतात की वस्त्रावर. जे कळेल ते स्वयंपाक करणाऱ्या आयाबहिणींना आधी सांगावे, फक्त पदाधिकाऱ्यांपुरते ठेवू नये. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलामुलींनी तेथील विहारात अवश्य जावे. पठण निराळे वाटले तरी बसावे, आणि कोणी विचारले तर बाबासाहेबांचे नाव अभिमानाने सांगावे. रीत समजली नाही तर नम्रपणे विचारावे. पण एखाद्या रीतीने माणूस जन्मामुळे किंवा स्त्री असल्यामुळे खाली ढकलला जात असेल, तर तितक्याच नम्रपणे आणि तितक्याच स्पष्टपणे प्रश्न करावा. पाहुणचार आणि प्रश्न या दोन्ही गोष्टी मैत्रीत बसतात.

पुढच्या वेळी थायलंडचे भिक्खू आले तेव्हा आम्ही आजींना आधीच सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. भोजनदानाच्या वेळी भंतेजींनी वस्त्र पसरले, आजींनी ताट ठेवले आणि या वेळी त्या तेथेच बसून राहिल्या. भोजन झाल्यावर दुभाषाचे काम करणाऱ्या मुलाला त्या म्हणाल्या, "त्यांना विचार, तुमच्या गावाकडं बायांना चीवर का देत न्हाईत?"

भंतेजी हसले, थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले की हा प्रश्न आमच्याकडेही विचारला जात आहे. आजींना उत्तर पूर्ण पटले असे वाटले नाही. पण त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या नाहीत, आणि भंतेजीही निघण्यापूर्वी त्यांच्यासाठी वेगळा मंगलपाठ म्हणून गेले.

नमो बुद्धाय! जय भीम!